तीन तासांचा हॉल्ट

एक्स्प्रेसवेनं पुण्याला जाताना फूड मॉलला गाडी थांबवणं हा आपल्याकडे जवळजवळ विधीच आहे. एक वडापाव, एक कटिंग, वॉशरूम, दोन मिस्ड कॉल्सना रिप्लाय आणि पुन्हा गाडीत. पंधरा मिनिटांचा मामला. पण समजा, एका वीकएण्डला तुम्ही तिथे पोचलात आणि फूड मॉलच गायब! थोडी चिडचिड होईल, गाडी चालवणारा जरा जास्त जांभया देईल, पण पुण्याला पोचाल तुम्ही. फार काही बिघडणार नाही.

आता एका वेगळ्या प्रवासिनीची गोष्ट ऐका. तिचं नाव आलांग. वय कोवळं, जात अमूर ससाणा. नोव्हेंबर २०२५ मध्ये मणिपूरच्या तामेंगलाँग जिल्ह्यात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर पिटुकले सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले. अपापांग, आहू आणि ही आलांग. त्यानंतर आलांगबाई जे सुटल्या, ते सहा दिवस आणि चौदा तासांत ५,६०० किलोमीटर कापून थेट केनियात! वाटेत हॉल्ट किती? तेलंगणात एक रात्र आणि महाराष्ट्रात तीन तास. बस्स. त्यापुढे अरबी समुद्र. सुमारे तीन हजार किलोमीटर नुसतं पाणी, टेकायला एक फांदीसुद्धा नाही.

अमूर ससाण्याचं वजन असतं साधारण दीडशे ग्रॅम. म्हणजे तुमच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा कमी. एवढ्याशा जिवाला समुद्र ओलांडायच्या आधी महाराष्ट्रात तीन तास थांबावंसं वाटलं, ही बातमी वाचल्यापासून ते तीन तास माझ्या डोक्यातून जाईनात. कारण तिच्या बाबतीत फूड मॉल गायब झाला, तर नुसत्या जांभयांवर भागणार नाही.

डोक्यावरचा ट्रॅफिक

ऑक्टोबर हीटमध्ये घामाघूम होऊन आपण स्टेशनवर उभे असतो, तेव्हा डोक्यावरून केवढा तरी ट्रॅफिक चाललेला असतो. सायबेरिया, मंगोलिया, मध्य आशिया, हिमालय... तिकडे थंडी पडायला लागली, खाणं संपत आलं, की पक्षी दक्षिणेला निघतात. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंतच्या या हवाई रस्त्याला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात. सुमारे तीस देशांवरून जाणारा हा रस्ता आणि आपला देश त्याच्या ऐन मध्यावर. काहींचं हे शेवटचं स्टेशन, ते मार्चपर्यंत मुक्काम ठोकतात. काही मात्र नुसते थ्रू पॅसेंजर. दोन दिवस दिसले तर दिसले, नाहीतर बाय-बाय.

बरं, हे सगळं बघायला भरतपूरला जायला हवं असंही नाही. आपल्या मुंबई-पुण्याच्या टापूत सीझनचं टाइमटेबल बऱ्यापैकी ठरलेलं आहे.

पहिला नंबर करड्या धोब्याचा. साधारण गणपतीच्या आसपास हा हजर. वरून राखाडी, खालून पिवळा आणि शेपटी सारखी वर-खाली, वर-खाली. सोसायटीचं लॉन, ऑफिसच्या पार्किंगमधलं साचलेलं पाणी, गच्चीवरचं टाकीचं ओव्हरफ्लो, कुठेही दिसेल. हिमालयातून आलेला पाहुणा आहे हे माहीत नसतं, म्हणून आपण शेजारून फोनवर बोलत निघून जातो.

त्याच सुमारास ठाणे खाडीच्या चिखलावर छोटे टिलवे येऊन पोचतात. फ्लेमिंगोंना बघायला सगळे धावतात, या टिलव्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही. वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम, पण जन्म आर्क्टिकच्या टुंड्रात. ओहोटीला चिखल उघडा पडला की शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खाली-वर करत बसतात. ज्या चिखलाला आपण नाक मुरडतो, तो यांच्यासाठी भरलेलं ताट असतो. २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, तो काही उगाच नाही.

मग येतात भोरड्या. अंगानं गुलाबी, डोकं-पंख काळे, आवाज म्हणजे लोकलचा सेकंड क्लास. मध्य आशियातून थव्यानं येतात, संध्याकाळी झोपायच्या झाडावर उतरण्याआधी आकाशात कुणीतरी ओढणी झटकावी तशा वळतात. ज्वारी उभी असेल तर शेतकरी मात्र गोफण घेऊन तयार असतो. त्याच्यासाठी हे पाहुणे जरा डोईजडच.

सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर म्हणजे थ्रू पॅसेंजरांचा सीझन. यातला स्टार म्हणजे युरोपीय नीलपंख. आपल्याकडचा नीलपंख दसऱ्याला दिसला तर शुभ मानतात. हा त्याचाच परदेशी भाऊ. आफ्रिकेला जाताना पश्चिम भारतावरून थोडे दिवस डोकावून जातो. आपल्या नीलपंखाच्या छातीवर तपकिरी रंग असतो, या साहेबांचं डोकं आणि पोट मात्र सलग फिकट निळं. पक्षीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर याचा फोटो पडला, की दुसऱ्या दिवशी पहाटे तिथे सहा गाड्या उभ्या.

थंडी पडली की भिगवणला, उजनीच्या बॅकवॉटरमध्ये पट्टकादंब येतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस हिमालय ओलांडून येतात, तेही कधी कधी सात हजार मीटर उंचीवरून. आपण खंडाळ्याच्या घाटात एसी बंद करून गाडी चढवतो.

आणि नोव्हेंबर संपत आला, की एन्ट्री अमूर ससाण्याची.

लोणावळ्याची एक पहाट

लोणावळा म्हणजे चिक्की, भुशी डॅम आणि लायन्स पॉइंटवरचं मक्याचं कणीस, एवढंच आपलं जनरल नॉलेज. पण नोव्हेंबरअखेर ते डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात अॅम्बी व्हॅलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या गवताळ पठारांवर अमूर ससाणे येतात आणि त्यांच्यामागून मुंबई-पुण्याचे पक्षीवाले. मागे एकदा माझ्या हिंजवडीतल्या आयटीवाल्या मित्रानं मलाही पहाटे साडेचारला उठवून नेलं. त्याच्या गाडीत दुर्बीण, थर्मास आणि लॅपटॉप. सोमवारची रिलीज होती म्हणे.

उजाडलं तेव्हा वाळलेल्या गवतावर नुसतं धुकं. मग ऊन आलं, चतुर उडायला लागले आणि त्यांच्यामागोमाग ससाणे. नर पाटीसारखा राखाडी, मांड्यांजवळ विटकरी, पंखांखाली पांढराशुभ्र. मादीच्या पांढऱ्या छातीवर काळे फराटे. दोघांचे पाय लालकेशरी, जणू नवे शूज घालून आलेत. तारेवरून सुटायचे, हवेतच पायात चतुर पकडायचे आणि उडता उडता तो खायचे. एकामागून एक. घाईत ब्रेकफास्ट उरकणारी माणसं मी खूप बघितली होती, इतक्या स्टाइलमध्ये उरकणारं कुणी पहिल्यांदाच बघत होतो.

रस्त्याकडेच्या टपरीवरच्या मावशींना मी विचारलं, "मावशी, हे पक्षी कधीपासून आलेत?"

"ते लाल पायवाले व्हय? दिवाळी झाली की येत्यात. धा-पंधरा दिस दिसत्यात, मग एक दिवस सगळं गप. कुठं जात्यात कुणास ठाऊक!"

"आफ्रिकेत जातात, मावशी."

मावशींनी चहा गाळता गाळता माझ्याकडे पाहिलं. "इथून? काय खाऊन?"

दोन शब्दांत मावशींनी संशोधनाचा प्रश्नच विचारला होता. त्याचं एक उत्तर असं : चतुरांच्या काही जातीही याच दिवसांत भारतावरून समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असाव्यात, असं चार्ल्स अँडरसन या जीवशास्त्रज्ञानं मालदीवमधल्या निरीक्षणांवरून २००९ मध्ये मांडलं. ईशान्येकडून वाहणारा वारा पाठीशी घेऊन चतुर निघतात आणि ससाणेही. म्हणजे समुद्रावरच्या फ्लाइटमध्ये जेवणाची थोडीफार सोय असू शकते. पण निघतानाची टाकी फुल्ल लागते आणि ती भरायची जमिनीवरच. मणिपूर-नागालँडमध्ये वाळवी खाऊन आणि नंतर कुठेतरी अशाच एखाद्या पठारावर चतुर, नाकतोडे खाऊन.

तेवढ्यात एक गाडी रस्ता सोडून सरळ गवतात शिरली. मोठ्ठी लेन्स घेतलेले दोघं उतरले आणि बसलेल्या ससाण्यांच्या दिशेनं चक्क पळत सुटले. थवा उठला, लांब गेला. पुन्हा बसला, हे पुन्हा मागे. असं चार वेळा. फोटो मिळाला असेल त्यांना. पण हॉटेलात तुमच्या पुढ्यातलं ताट कुणी चार वेळा उचलून नेलं तर कसं वाटेल? आणि त्यानंतर तीन दिवस उपाशी उडायचं असेल तर?

एका गावानं केलेला यू टर्न

अमूर ससाण्यांची खरी मोठी स्टोरी मात्र नागालँडची आहे. तिथल्या वोखा जिल्ह्यात दोयांग नदीवरच्या धरणाच्या जलाशयाकाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे ससाणे लाखोंच्या संख्येनं उतरतात. धरणाच्या पाण्यात पांग्ती गावच्या लोकांची जमीन गेली होती. मासेमारीची जाळी हाताशी होती. जाळी झाडांमध्ये उभी बांधायची, रात्री ससाणे अडकायचे, सकाळी बाजारात. ऑक्टोबर २०१२ मध्ये पत्रकार बानो हरालू, पक्षीतज्ज्ञ शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आणि रोकोहेबी कुओत्सु यांनी हे सगळं कॅमेऱ्यात टिपून जगासमोर आणलं. त्यांचा अंदाज होता, एका सीझनमध्ये सव्वा लाखाच्या आसपास पक्षी मारले जात असावेत. सव्वा लाख!

जगभर बोंब झाली. पण मला आवडतो तो पुढचा भाग. गावात बैठका झाल्या, चर्चमध्ये बोललं गेलं, शाळांमध्ये पोरांना शिकवलं गेलं, गावच्या कौन्सिलनं बंदी घातली. ज्यांच्या हातात जाळी होती, त्यांतलेच काही राखणदार झाले. पुढच्याच वर्षी, २०१३ च्या सीझनमध्ये, तिथे ससाण्यांची जाळ्यातली ती कत्तल थांबली. त्याच नोव्हेंबरमध्ये तीन ससाण्यांना ट्रान्समीटर लावले गेले आणि नावं दिली गेली नागा, वोखा आणि पांग्ती. ज्या गावाची बदनामी झाली होती, त्याच गावाचं नाव घेऊन एक पक्षी आफ्रिकेला गेला.

पांग्तीच्या लोकांचं उत्पन्न बुडालं, तरी त्यांनी हे केलं. आता बॉल आपल्या कोर्टात आहे. कारण नागालँड आणि मणिपूरनं जपलेला पक्षी नंतर आपल्याकडे येतो.

पडीक कुणासाठी?

आपल्याकडे कुणी जाळी लावत नाही. आपली पद्धत जास्त सोफिस्टिकेटेड आहे. आपण जागेला आधी 'पडीक' म्हणतो.

सासवडच्या, बारामतीच्या, इंदापूरच्या बाजूला जे माळ दिसतात ना, खुरटं गवत, एखाद-दुसरी बाभूळ, ते आपल्या डोळ्यांना ओसाडच वाटतात. पण याच माळांवर हिवाळ्यात भोवत्या नावाचे शिकारी पक्षी मध्य आशियातून येतात. दिवसभर गवतावरून तरंगत शिकार करतात आणि रात्री झाडावर न बसता गवतातच, जमिनीवर, घोळक्यानं झोपतात. त्यांना उंच झाडं नकोच असतात. त्यांना गवत हवं असतं. बाराही महिने तिथे राहणारे लांडगे, चिंकारे यांचं घरही तेच.

आता आपल्या ऑफिसचा सीएसआर आठवा. जुलैचा शनिवार, कंपनीचे टी-शर्ट, दोन बस, एक 'ओसाड' माळ, पाचशे रोपं, पाच हजार सेल्फी. हेतू शंभर टक्के चांगला. पण गवताळ माळावर खड्डे खणून झाडांची दाटी करणं म्हणजे भोवत्याच्या बेडरूममध्ये फर्निचरचं गोडाऊन उघडणं. तेव्हा पुढच्या वेळी एचआरकडून मेल आला, की एकच प्रश्न विचारा : ही जागा आधी जंगल होती की गवताळ माळ? जंगल होती तर जरूर जा, दोन रोपं जास्त लावा. माळ होता तर तो राखायला मदत करू, असं सांगा. वनविभागानं २०२४ मध्ये इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिरसुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. म्हणजे माळ बघायला लोक पैसे देऊन येतात, हे सरकारलाही पटलंय. टीम आउटिंग तिकडे न्यायला काय हरकत आहे?

तुमच्या एका ओळीची किंमत

मास कॉमच्या पहिल्याच लेक्चरला आम्हाला घोकून घेतलं होतं : काय, कुठे, कधी, कुणी. एवढं आलं की बातमी उभी राहते. पक्ष्याची नोंदही अगदी तशीच असते. कुठला पक्षी, किती, कुठे, किती वाजता. बास.

आणि या एवढ्याशा ओळीला वजन असतं. २०२३ मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, तो तीस हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्डवर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा होता. यातले बहुतेक जण तुमच्या-माझ्यासारखेच, नोकरी सांभाळून वीकएण्डला फिरणारे. दीर्घकाळाचा कल सांगता येईल एवढी माहिती ३३८ जातींबद्दल मिळाली आणि त्यांतल्या साठ टक्के जाती कमी होताना दिसल्या. लांबून येणारे स्थलांतरित पक्षी आणि माळावरचे पक्षी, दोघांचीही तब्येत त्यात काळजी करण्यासारखीच निघाली.

उद्या एखाद्या तळ्यावर भराव पडणार असेल, एखाद्या पठारावर प्लॉट पडणार असतील, तेव्हा "इथे खूप पक्षी येतात हो" या वाक्याला कुणी विचारत नाही. पण तारीख, वेळ आणि आकड्यासह दहा वर्षांच्या नोंदी असतील, तर त्या टेबलावर ठेवता येतात. आलांगच्या पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून तिचे तीन तास आपल्याला कळले. ज्यांच्या पाठीवर काहीच नसतं, अशा हजारोंचे तीन तास फक्त तुमच्या डोळ्यांना दिसू शकतात.

मग, निघायचं?

* लोणावळ्याला नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला जा. उजाडताना पोचा. गाडी रस्त्यावरच ठेवा, गवतात घालू नका. गाडीच्या आत बसून पाहिलं तर ससाणे जास्त जवळ येतात.

* दुर्बीण आठ बाय बेचाळीसची असली की पुरते. मोठ्या लेन्सवर दोन पगार उडवायची घाई नको.

* पक्ष्यांच्या मागे पळायचं नाही, ड्रोन उडवायचा नाही, मोबाइलवर त्यांचे आवाज वाजवायचे नाहीत. तो जेवायला आलाय, ऑडिशनला नाही.

* खाडीवर जायचं तर भरती-ओहोटीची वेळ बघा. भरती चढायला लागली की चिखलातले पक्षी काठाकडे सरकतात, तेव्हा मस्त दिसतात.

* वीकएण्डला जमत नसेल तर लंच ब्रेकमध्ये पंधरा मिनिटं ऑफिसच्या आवारात फिरा आणि दिसेल ते ई-बर्डवर टाका. कावळे-कबुतरंसुद्धा. ओळख पटत नसेल तर नुसता 'ससाणा' किंवा 'टिलवा' एवढंच लिहिलं तरी चालतं.

* ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अलींच्या. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. रानातल्या पाखरांना मराठी नावांनी हाका मारायला त्यांनी आपल्याला शिकवलं. त्या आठवड्यात निदान पाच पक्ष्यांची मराठी नावं पाठ करा. धोबी, टिलवा, भोरडी, भोवत्या आणि ससाणा. घ्या, झाले पाच.

तर कॅलेंडरवर आत्ताच खूण करा आणि शुक्रवारची पार्टी साडेदहाला आटपा. ससाणे तुमच्या हँगओव्हरसाठी थांबणार नाहीत. त्यांच्याकडे जेमतेम तीन तास असतात.